रोज एक सूपभर

आपल्या घरात वस्तू किती आहेत, हे कधी कोणी मोजून पाहिले आहे काय? गुरे किती, शेळ्या किती, हे आपण चटकन सांगतो. रान किती गुंठे, तेही सांगतो. पण माळ्यावर काय काय आहे असे विचारले, तर घरधनी कारभारणीकडे बघतो आणि कारभारीण सासूकडे बघते. सासू म्हणते, "असेल काहीबाही. असू दे. लागेल कधीतरी."

आता हे काहीबाही म्हणजे काय, ते पाहू या. तळ गेलेली घागर. एका कानाची कढई. काच फुटलेला कंदील. तीन पायांची खाट. बंद पडलेला रेडिओ. खताच्या रिकाम्या पिशव्या. मोटारसायकलचा जुना टायर. ठिबकच्या नळ्यांचे भेंडोळे. कोणाच्या तरी लग्नात आहेर आलेले आणि अजून न उघडलेले स्टीलचे डबे. मोबाइलचे तीन-चार चार्जर, ज्यांचे मोबाइल केव्हाच गेले. आणि या सगळ्याच्या खाली एक गाठोडे. त्यात काय आहे, ते आता कोणालाच ठाऊक नाही.

आम्ही यावरून कोणाला हसत नाही. जुनी माणसे वस्तू टाकत नाहीत, याला कारण आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या, खडी फोडायच्या कामावर जे गेले, त्यांच्या हातून सुतळीचा तुकडासुद्धा टाकवत नाही. तो कंजूषपणा नव्हे. ती त्या काळची शिकवण आहे.

शिवाय पूर्वीच्या वस्तूची गोष्टच निराळी होती. लुगडे विटले की त्याची वाकळ होई. वाकळ विरली की तिचे पोतेरे होई. पोतेऱ्याच्या चिंध्या झाल्या की त्या उकिरड्यावर जात, आणि पावसाळ्यानंतर शेतात खत म्हणून पडत. मडके फुटले तर खापर मातीत मिळे. म्हणजे वस्तू घरात येई, राबे आणि आपल्या पायांनी निघून जाई. आजची वस्तू तशी जात नाही. प्लॅस्टिकची बादली फुटली तर तिचे पोतेरे होत नाही, खतही होत नाही. ती फुटकी बादली म्हणूनच राहते. घरात येणाऱ्या वस्तू वाढल्या आणि जाण्याची वाट मात्र बंद झाली. ही खरी अडचण आहे.

बरे, पडून राहिल्या वस्तू तर बिघडले काय? खायला तर मागत नाहीत! असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर जरा सविस्तर दिले पाहिजे.

अडगळ असली की तिथे उंदीर राहतो. त्याला अंधार हवा, आडोसा हवा आणि जवळ दाणे हवेत. पोत्यांची चळत आणि कणगीचा कोपरा म्हणजे त्याचा वाडाच. उंदीर दाणे खातो त्यापेक्षा जास्त नासवतो. त्याच्या मुताने लेप्टो नावाचा ताप येतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, या तापाने माणसे दगावतात. आणि जिथे उंदीर, तिथे त्याच्या मागावर साप.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांतली मण्यार घरात येते ती रात्री. अंगाने काळी, वर पांढरे बारीक पट्टे. जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्या माणसाला ती चावते, आणि चावल्याचे फारसे दुखत नाही. माणसाला वाटते, मुंगी चावली असेल, ढेकूण असेल. तो कूस बदलून पुन्हा निजतो. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, बोलताना जीभ जड होते. तोवर वेळ गेलेली असते. म्हणून ज्या खोलीत लेकरे निजतात, तिथे पोती, सरपण, गोवऱ्या आणि जुने सामान असू नये. खाटेवर निजावे. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. साप चावलाच, तर दोरी आवळू नये, जखम कापू नये, देवळात बसवून ठेवू नये. माणसाला हालचाल न करू देता सरकारी दवाखान्यात न्यावे. सर्पविषावरची लस तिथे मिळते. गाडीसाठी १०८ नंबरवर फोन करावा.

विंचवाचेही तसेच. पोत्याखाली, दगडाखाली, लाकडांच्या चळतीत तो दडतो. कोकणात लाल विंचू फार. लहान मुलाला तो चावला तर हृदयावर परिणाम होतो. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपयोग होतो, हे १९८० नंतरच्या दहा वर्षांत दाखवून दिले आणि पुष्कळ जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे ही मोठीच गोष्ट. पण विंचवाला घर द्यायचे आणि मग औषधाला धावायचे, हे काही बरे नव्हे.

परसात टाकलेला टायर, फुटकी कुंडी, नारळाची करवंटी यांत पाणी साचते. त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा महिनोन्‌महिने टिकतात. पाणी ओतून दिले म्हणजे काम झाले असे नाही. टायर छपराखाली कोरडा ठेवा किंवा घरातून काढा. भांडे घासून पालथे घाला.

राहिले फवारणीच्या औषधाचे डबे. डबा चांगला असतो, झाकण घट्ट असते. म्हणून तो धुऊन त्यात गोडेतेल ठेवतात, कोणी पाणी भरतात. हे मात्र कधी करू नका. कितीही घासला तरी तो डबा विषाचाच. औषध संपले की डबा तीन वेळा पाण्याने खळखळून काढावा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, आणि मग डब्याला भोके पाडावीत. भोक पडले म्हणजे त्यात कोणी काही भरणार नाही. तो विहिरीत, ओढ्यात टाकू नये, जाळू नये. त्याचे पुढे काय करायचे ते कृषी खात्याच्या माणसाला विचारावे.

इतके ऐकल्यावर एखादा उत्साही गडी म्हणेल, "गुरुजी, उद्याच सगळा माळा खाली घेतो!" आम्ही म्हणतो, थांबा. असे करू नका.

दरसाल आपण काय करतो? घट बसायच्या आधी गोधड्या ओढ्यावर नेऊन धुतो. दिवाळीच्या आधी सगळे सामान अंगणात मांडतो. झाडतो, पुसतो. दुपार होते, माणसे दमतात, लेकरे भुकेने रडतात. मग जे होते ते सगळे जसेच्या तसे परत वर चढते. एका दिवसात घर झाडता येते, पण निवडता येत नाही. निवडायला विचार लागतो, आणि दमलेला माणूस विचार करत नाही. तो एकतर सगळे ठेवतो, नाहीतर रागाने सगळे फेकतो. रागाने फेकलेल्यात सातबारासुद्धा जातो.

मग करावे कसे? आपल्या घरात एक साधन आहेच. सूप. ज्वारी पाखडताना आपण अख्खे पोते सुपात ओततो काय? नाही. सूपभर घेतो, पाखडतो, दाणे एकीकडे, फोल एकीकडे, मग पुढचे सूप. घराचेही तसेच करावे. रोज एक सूपभर वस्तू काढाव्यात. एक कोनाडा, किंवा फडताळाची एक फळी, किंवा ट्रंकेचा एक थर. चहाचे आधण उकळेपर्यंत नाहीतर भाकरी थापायच्या आधी जेवढा वेळ मिळतो, तेवढा पुरे. घड्याळ लावले तर पाव तास. त्याहून जास्त नको. उत्साह आला तरी नको. आज तीन तास केले तर उद्या कोणी हात लावत नाही, हे आम्ही शाळेच्या अभ्यासातही पाहिले आहे.

सुपातल्या प्रत्येक वस्तूला हातात घेऊन विचारायचे, गेल्या वर्षात हिला हात लागला का? लागला असेल तर ती पुसून जागेवर ठेवावी. नसेल, तर ती कोणाला द्यायची, विकायची की टाकायची, ते लगेच ठरवावे. "बघू मग" म्हणून परत कोनाड्यात ठेवायची नाही.

आता एका घराची हकिगत सांगतो. घर आमच्याच गावचे. नाव सांगत नाही, कारण त्याची गरज नाही.

यांचे जुने घर पाच खणांचे, मातीच्या भिंतींचे, दोन आजेसासवांच्या काळापासूनचे. एका पावसाळ्यात मागची भिंत खचली. त्यांना घरकुल मंजूर झाले. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातले घरकुल कमीत कमी २५ चौरस मीटरचे असते, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. पाऊल टाकून पाहायचे तर साधारण सोळा फूट बाय सतरा फूट. यांचे बांधकाम तेवढ्याच मापाचे. माणसे पाच. म्हातारी आजी, मुलगा, सून आणि दोन नाती. आणि सामान पाच खणांचे!

मुलगा म्हणाला, "ट्रॅक्टर लावतो, लागेल तेवढे नेतो, बाकीचे भंगारवाल्याला." सून काही बोलली नाही. आठ दिवसांपूर्वीच थोरल्या नातीच्या उशाशी असलेल्या पोत्यांतून मण्यार निघाली होती. तिला ती पोती एक दिवस नको होती. आणि आजी? आजी चुलीपुढे बसून म्हणाल्या, "आज माझा पाळणा भंगारात घालाल, उद्या मला घाला."

हे वाक्य नीट ऐकले पाहिजे. म्हातारे माणूस वस्तू सोडत नाही ते वस्तूसाठी नव्हे. या घरात आपले काही उरले आहे का, एवढेच ते पाहत असते. जी हंडी त्यांनी माहेरून आणली, जिच्यावर त्यांचे नाव घातलेले आहे, ती कोणी न विचारता तराजूत टाकली, तर त्यांना काय वाटेल? म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आजीची वस्तू आजीला विचारूनच काढावी. तिला कितीही वेळ लागो. मालकी तिची आहे. शिकलेल्या पोरांना हे सांगावे लागते, याचे आम्हांला नवल वाटते.

गावात गाडगेबाबांचे नाव सगळे घेतात. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. हातात खराटा, अंगावर ठिगळांचे कपडे आणि एक गाडगे, एवढाच त्यांचा संसार. ज्या गावात जात, ते गाव दिवसा झाडत आणि रात्री कीर्तन करत. लोकांच्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा उभारल्या, स्वतःसाठी झोपडीसुद्धा ठेवली नाही. त्यांचे उदाहरण मोठे आहे. पण त्यांनी स्वतःचे सोडले, दुसऱ्याचे नव्हे! बाबांचे नाव सांगून सुनेने सासूची भांडी विकू नयेत.

तर त्या घरी सुनेने ट्रॅक्टर थांबवला. घरकुलाच्या भिंती उठायला अजून तीन महिने होते. ती म्हणाली, "आत्याबाई, आपण दोघी रोज एक सूपभर बघू. तुम्ही म्हणाल ते ठेवू." आजी म्हणाल्या, "आन् मी समदंच ठेवा म्हटलं तर?" सून म्हणाली, "तर समदं ठेवू. पण पोती तेवढी पहिल्यांदा बघू."

पहिले तीन दिवस पोती. हे काम मुलाने केले, आणि रीतीने केले. पायात बूट घातले. उजेड घेतला. काठीने आधी पोते हलवले, मग उचलले. अंधाऱ्या कोपऱ्यात हात घातला नाही. चांगली पोती उन्हात टाकली, घडी घालून दोरीने बांधली आणि वर टांगली. फाटकी विकली.

मग सोपे सोपे. स्वयंपाकाच्या फळीवरचे डबे. गंजलेल्या डब्यांत तीन तऱ्हेची भिजकी मेथी निघाली, किडे झालेले हुलगे निघाले, आणि औषधाच्या बाटल्या निघाल्या. सून साक्षरतेच्या वर्गाला येते. तिने प्रत्येक बाटलीवरची तारीख वाचली. महिना आणि साल इंग्रजी आकड्यांत छापलेले असते, पण ते आकडे आपण शिकलो आहोत. नऊ बाटल्यांपैकी सात मुदत संपलेल्या. खोकल्याचे म्हणून ज्यातले औषध नातीला देत होते, ती बाटली दोन वर्षे मागची. ज्याला वाचता येते त्याने आधी आपल्या घरातल्या बाटल्या वाचाव्यात, असे आम्ही वर्गात सांगतो, ते याचसाठी.

दहा-बारा दिवसांनी आजींनाच गोडी लागली. सून विसरली तर त्या स्वतः सूप घेऊन बसू लागल्या. एकेका वस्तूची गोष्ट निघे. हे पातेले तुझ्या मामंजींनी आठवडी बाजारातून आणले. ही पळी माझ्या आईची. एखाद्या दिवशी सुपातले काहीच बाहेर गेले नाही, नुसत्या गोष्टीच झाल्या. सुनेने घाई केली नाही. गोष्ट सांगून झाली की पुष्कळदा म्हातारे माणूस आपणहून म्हणते, "दे कोणाला तरी."

पाळण्याचेही तसेच झाले. शेजारच्या आळीत एका पोरीला बाळ झाले होते. आजी स्वतः पाळणा घेऊन गेल्या, बारशाला बसल्या, ओटी भरून घेऊन आल्या. पाळणा भंगारात गेला नाही. तो कामावर गेला.

महिन्याभराने लुगड्यांच्या ट्रंकेची पाळी आली. तिसऱ्या थरात एका इरकली लुगड्याच्या घडीत पाचशे रुपयांच्या सात नोटा निघाल्या. साडेतीन हजार रुपये. आजींनी ते आपल्या मागे क्रियाकर्माला म्हणून ठेवले होते, पोरावर भार नको म्हणून. नोटा जुन्या होत्या. सरकारने जुन्या पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीपासून बंद केल्या. त्या बँकेत भरायला लोकांना ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. आजींच्या कानावर ती बातमी आली होती, पण आपली नोट ती हीच, हे त्यांना कळले नाही. त्या नोटा आता कागदच. मुलगा वळून दाराबाहेर गेला. सून बराच वेळ आजींचा हात धरून बसली.

म्हणून पैसा कपड्यात, डाळीच्या डब्यात, उतरंडीच्या मडक्यात ठेवू नये. पोस्टात नाहीतर बँकेत खाते काढावे. आणि जुनी ट्रंक काढताना प्रत्येक घडी उलगडून पाहावी, हेही आलेच. नाण्यांचेही पाहून घ्यावे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चालत नाहीत. पण राजाचे चित्र असलेला जुना रुपया मिळाला, आणि त्यावर १९३९ च्या आतले साल असले, तर तो एक तोळ्याचा असतो, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी असते. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. असा रुपया भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नये. सराफाला दाखवावा, एकाला नव्हे, दोघांना.

कागदांविषयी थोडे जास्त सांगितले पाहिजे, कारण सगळ्यात मोठे नुकसान तिथे होते. कागदाचा गठ्ठा दिसला की लोक म्हणतात, रद्दी. थांबा, एकेक कागद वाचा. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराची नक्कल, घरपट्टीच्या पावत्या, कर्ज फिटल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, नोकरीचे कागद. हे ठेवायचे. सातबाराची नवी नक्कल मिळते, पण जुन्या नकलेवर पूर्वीच्या नोंदी असतात, त्या भांडणात कामी येतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला जातीच्या दाखल्याला लागतो.

कित्येक घरांत मोडी लिपीतले कागद आहेत. वाचता येत नाही म्हणून ते चुलीत घालतात. असे करू नका. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायी फिरले, लोकांच्या घरांतली जुनी दप्तरे त्यांनी शोधली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणून बावीस खंड छापले. पहिला खंड १८९८ चा. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ते आजही आहे. मराठ्यांचा इतिहास असा लोकांच्या घरांतून निघाला. तुमच्या कागदात इतिहास नसेलही, पण तुमच्या बांधाची हद्द असू शकेल. मोडी वाचणारा माणूस तालुक्याला, जिल्ह्याला सापडतो. त्याला आधी दाखवा.

राखलेले कागद एका पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी लावावी. चिठ्ठीवर लिहावे, "शेताचे कागद", "पोरींचे दाखले", "दवाखाना". लिहायला शिकल्याचा याहून चांगला उपयोग आम्हांला दिसत नाही. पेटी जमिनीवर ठेवू नये, वाळवी लागते.

आता घराबाहेर जाणाऱ्या वस्तूंची वाट पाहू. कापडे बोहारणीला द्यावीत. ती जुन्या कपड्यांवर भांडे देते. पण ध्यानात ठेवा, दहा लुगडी देऊन पाच भांडी घेतली, तर घर रिकामे झाले नाही. एकच घ्या, कामाचे घ्या. सुती कपडे चांगले असतील तर दोन वाकळी शिवून घ्या. तांबे-पितळ विकायचे असेल तर आधी घरी वजन करा, मग दोन ठिकाणी भाव विचारा. कल्हईची मोठी पातेली, घंगाळ, परात ही वर्षातून एकदा लागणारी भांडी. पुष्कळ गावांत गावकीची भांडी असतात, कुठे बायकांचा बचतगट भांडी भाड्याने देतो. घरोघरी दहा-दहा मोठी पातेली ठेवण्यापेक्षा गावात एक जोड असलेला बरा. त्या घरच्या आजींनी आपली दोन मोठी पातेली बचतगटाला दिली. त्यांवर आजींचे नाव आहे. गावात कुठेही जेवणावळ असली की ते नाव पंगतीत फिरते, आणि आजी ते लोकांना दाखवतात!

बंद रेडिओ, चार्जर, बॅटरीचे सेल हे उकिरड्यावर टाकू नयेत. त्यात शिसे वगैरे धातू असतात, ते मातीत उतरतात. टायर, प्लॅस्टिक जाळू नये. त्या धुराने लेकरांना खोकला होतो. ग्रामपंचायतीची गाडी येत असेल तर तिच्यात द्यावे, नाहीतर भंगारवाल्याला द्यावे.

सगळेच जुने टाकाऊ असते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. पुण्यात राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय आहे. केळकरांनी आयुष्यभर लोकांच्या घरांतले जुने दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी गोळा केली, आणि आपल्या वारलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले. आज लोक तिकीट काढून ते अडकित्ते पाहतात. आपल्याकडे एखादी घडणीची वस्तू असेल तर ती पुसावी, दिसेल अशी ठेवावी. शेर-पायलीची मापे १९६० च्या सुमारास किलोपुढे मागे पडली. घरात जुनी पायली असेल तर ती नातवंडांना दाखवावी. अडगळीत खाली दडपलेली पायली काही जपलेली नव्हे.

आणि ज्या वस्तूचे काहीच ठरत नाही, तिचे काय? त्यांचे एक गाठोडे बांधावे. वर चिठ्ठी लावून तारीख लिहावी. वर्षाने सोडावे. मध्ये सोडायचे नाही आणि त्यात नवे काही घालायचे नाही.

त्या घरचे सामान अखेरीस ट्रॅक्टरच्या दोन खेपांत गेले. नव्या घरात पोरींच्या अंथरुणाजवळ काही नाही, नुसती भिंत आहे. आजींचे गाठोडे तेवढे खुंटीला होते. त्यात आजोबांचा फेटा, चष्मा, अडकित्ता आणि कोपरी. यंदा वर्ष झाले तेव्हा आजींनी ते स्वतः सोडले. कोपरीची उशी शिवली. अडकित्ता फळीवर ठेवला, तो त्या रोज वापरतात. फेटा धाकट्या दिराला दिला. चष्म्याचे काही ठरले नाही. तो पुन्हा फडक्यात बांधला आणि खुंटीला लावला. पहिली चिठ्ठी सुनेने लिहिली होती. या वेळची तारीख आजींनी लिहिली. त्या दिवाळीपासून वर्गाला येत आहेत. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.